दिवा आधी लागला पाहिजे

वासूमामा गेल्याचा निरोप मला कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये मिळाला. मामींनी अंधेरीहून, मामांच्या गॅरेजशेजारच्या केमिस्टकडून मुलुंडला फोन लावला होता. "सकाळी चहा घेतला आणि गाडीखाली शिरले रे... हाक मारली तर ओ नाही," एवढंच त्या बोलल्या. त्याला आता दीड महिना होऊन गेला. लिहायला बसलो आहे तो दुःख सांगायला नाही. बाराव्याला जमलेली माणसं जे बोलत होती, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. "वासूच्या हातात जादू होती." "बॉनेटला कान लावून रोग सांगायचा." "शिक्षण नव्हतं, पण दैवी देणगी बघ!" सगळे प्रेमानेच बोलत होते. मी वयाने लहान, म्हणून गप्प राहिलो. पण हे खरं नाही.

मामांचा उजवा कान गिरणीतच गेला होता. गॅरेज काढण्याआधी ते गिरणीत फिटर होते, आणि तिथल्या मागांच्या आवाजाने तो कान कायमचा बंद झाला. बॉनेटला कान लावणारे मेकॅनिक बघितले की ते हसायचे. "माझो कान गेलो, म्हणान मी काटो बघतंय," असं मालवणीत म्हणायचे. म्हणजे मोजायचे. तेलाचा दाब मोजायचे, बॅटरी मोजायचे, दोन पत्र्यांमधली फट मोजायचे, आणि मोजलेलं पत्र्याच्या दारावर खडूने लिहायचे. सातवी शिकलेला माणूस अंदाजावर चालत असणार, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. मीही ठरवलं होतं.

मामा माझ्या आईचे चुलतभाऊ. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी. ई. झालो तेव्हा गावच्या शाळेत माझा सत्कार झाला, हेडमास्तरांनी शाल घातली, आणि त्यानंतर वर्षभर मला नोकरी मिळाली नाही. रंगीत टीव्ही नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. मामांनी पत्र टाकलं, "अंधेरीला ये, नोकरी लागेपर्यंत रहा." ते मला रिकामा बसू देणार नाहीत हे पत्रात नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्या अंगावर निळा डगला होता.

जुहूला एक हॉटेलवाले शेठ होते. त्यांची परदेशी गाडी आमच्याकडे आली. दारूच्या रंगाची, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील अशी आणि अफाट वेगाची. रस्त्यावरची माणसं गॅरेजच्या दारात थांबून ती बघायची. तिच्यात तेलाचा लाल दिवा सारखा लागत होता. तो लागला की समजायचं, इंजिनात तेलाचा दाब पडला आहे. आणि दाब नसताना गाडी चालवली तर इंजिन जागीच जाम होतं. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने पूर्ण इंजिन उघडायला सांगितलं होतं. मामांनी काही उघडलं नाही. त्यांनी इंजिनात आट्यांनी बसवलेला, दाब पडला की दिवा लावणारा अंगठ्याएवढा स्विच काढला, त्या जागी आपला दाब मोजायचा मीटर बसवला आणि इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं. काटा जिथे असायला हवा तिथे होता. "इंजिन झकास आहे, सेठ. स्विच झूठ बोल रहा है," ते म्हणाले. शेठ एवढे खूश झाले की तिथल्या तिथे म्हणाले, "मेरे होटल की आठों गाडियां अब तुम्हारे पास आएंगी." त्या आठ गाड्यांच्या आशेवर मामांनी शेजारचा रिकामा गाळा घ्यायचं मनात धरलं. मामींनी तर तो झाडूनही ठेवला.

नवा स्विच शेठनी परदेशातून मागवला. तो आला त्या दिवशी दुपारी शेठना पुण्याला रेससाठी जायचं होतं. मामा दुसऱ्या गाडीच्या ब्रेकमध्ये गुंतलेले. "तू बसव," म्हणाले. मला कोण आनंद! एक थेंब तेल गळता कामा नये, म्हणून मी स्विचच्या आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली, सात-आठ वेढे. स्विच आवळला, वायर जोडली, गाडी सुरू केली. तेल गळलं नाही, दिवाही लागला नाही. थोडं लांब फिरवून आणली, तरी नाही. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते सीटवर जाऊन बसले.

तेवढ्यात मामा हात पुसत आले. "सेठ, एक मिनट. बंद करो. अब चाबी आधी घुमाओ, स्टार्ट मत करो."

शेठनी चावी अर्धी फिरवली. बॅटरीचा दिवा लागला. तेलाचा लागला नाही.

"ये दिया किधर गया?"

"अरे, बंद हो गया! यही तो चाहिए था!"

"इंजिन बंद आहे, तेलाला दाब नाही, म्हणजे आत्ता तो लागायलाच पाहिजे," मामा माझ्याकडे बघत मराठीत म्हणाले. मग शेठना, "ये बंद नहीं हुआ सेठ, मर गया है. घाट में तेल गया, तो आपको कौन बताएगा?" आणि वाकून त्यांनी चावी काढली, सरळ खिशात टाकली.

शेठ उतरले. "वासू, चाबी दे. इंजीनियर लडके ने लगाया है. तू क्या पढा है?"

मामांनी खिशातली चावी लावून पुन्हा अर्धी फिरवली आणि बॉनेट उघडलं. त्यांनी स्विचची वायर काढून इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवली. दिवा लागला! म्हणजे वायर ठीक, दिवा ठीक. त्या क्षणी माझी चूक मला कळली. त्या स्विचला एकच वायर असते. विजेचा परतीचा रस्ता त्याच्या आट्यांमधूनच इंजिनात जातो. तो रस्ता मी टेप गुंडाळून बंद करून टाकला होता. हे मला परीक्षेत आलं असतं, तर आकृतीसह लिहिलं असतं...

"इंजीनियर, तू बोल. गाडी ठीक है ना?" शेठ माझ्याकडे वळले. "सोचके बोल. आठ गाडियां हैं."

मामींचा झाडलेला गाळा मला समोरच दिसत होता. मामांनी मला ना खुणावलं, ना डोळे वटारले.

"गलती मेरी है, सेठ," मी म्हणालो. "गाडी ठीक नहीं है."

स्विच एक्झॉस्टच्या पाइपाला लागून होता. वायरीचं टोक वरच्या वर निघत होतं, पण स्विच सोडवायला पाइप निवल्याशिवाय आत हात घालता येणार नव्हता, आणि तासभर थांबायला शेठ तयार नव्हते. "तुम दोनो के दिमाग का स्विच बदलो!" असं ओरडून ते रिक्षात बसले. आठ गाड्या कधीच आल्या नाहीत. गाळा दुसऱ्याने घेतला.

शेठ गेल्यावर मामांनी विचारलं, "किती वेढे?"

"सात... आठ असतील."

"मेल्या, नळ बसवलंस काय?" आणि ते एवढे हसले की खोकला लागला. मग म्हणाले, "दिवो आधी पेटाक व्हयो, मगे विजाक व्हयो. दोन्ही बघितल्याशिवाय गाडी दारातून सोडायची नाही." पाइप निवल्यावर त्यांनी मलाच स्विच काढायला लावला, ब्रशने आटे घासायला लावले, टेपशिवाय बसवायला लावला. चावी अर्धी फिरवली, दिवा लागला. गाडी सुरू केली, दिवा विझला. "परत," मामा म्हणाले. मग पुन्हा, "परत." दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर येऊन मुकाट्याने गाडी घेऊन गेला.

याला जादू म्हणायचं असेल, तर माझी हरकत आहे. जादू म्हटलं की कष्ट पुसले जातात आणि "नाही" म्हणायला लागलेली हिंमतही पुसली जाते. देणगी एखाद्यालाच मिळते. मामांचं काम शिकता येण्यासारखं होतं. त्यांनी ते मला शिकवलं, आणि त्यांच्याच गॅरेजमधून मी आजच्या नोकरीच्या मुलाखतीला गेलो.

बारावं आटोपून कामावर गेलो तर कारखान्यातला बिघडलेला कॉम्प्रेसर, हवा दाबायचं मशीन, दुरुस्त होऊन उभा होता. सारखा लागणारा त्याचा धोक्याचा दिवा आता शांत होता. माल अडकलेला, मॅनेजर घाईत. "दिवा गेलाय ना? मग चालवायला हरकत नाही म्हणून सही करा," ते म्हणाले.

"आधी तो लावून दाखवा, साहेब," मी म्हणालो.

कुणीतरी त्याची वायरच काढून ठेवली होती. ती जोडून खरा दोष शोधेपर्यंत संध्याकाळ झाली. साहेब अजून माझ्याशी धड बोलत नाहीत... नाही तर नाही.