शेवटचा भाग आणि अप्पांचं पान

चार वडे तळून झाले होते, निम्मं पीठ अजून परातीतच होतं, आणि मयूराताईंनी गॅस बंद केला. मागच्या अंगणातून मुलाची, राघवची, हाक आली होती. त्या दाराशी आल्या.

“आई, नाही शिवत गं! तो मॅगपाय एकाही कावळ्याला फिरकू देत नाहीये.”

सर्वपित्रीचा दिवस. अप्पांचं, म्हणजे मयूराताईंच्या श्रीनाथरावांचं, वर्षश्राद्ध झालं होतं, म्हणून हे पहिलंच पान. पण इथे परदेशात, पेंडल हिलमध्ये, ऋतू उलटे; पितृपक्ष येतो तो ऐन वसंतात. कुंपणापलीकडच्या झाडावर मॅगपायचं घरटं, आणि तो काळापांढरा पक्षी पिल्लांपायी येईल त्याच्या डोक्यावर झेपावणारा. राघवने सोवळ्यावर सायकलचं हेल्मेट चढवून पान ठेवलं होतं.

कावळा शिवत नाही म्हणजे मनात काहीतरी राहिलंय. राघव हात जोडून म्हणाला, “अप्पा, आईला नीट सांभाळू. डिसेंबरात ठाण्याला नेऊ तिला. बरं, तुमची गाडीही विकत नाही.”

पान तसंच.

“Dad, seriously,” अप्पांना ‘आबा’ म्हणणारी नात स्वरदा दारातून म्हणाली, “आबांना फक्त खुनी कोण ते हवंय. हो की नाही, आजी?”

पोर बरोबर बोलली होती.

अप्पांना ब्रिटिश खूनमालिकेचं वेड. धुक्यातलं लंडन, ओल्या गल्ल्या, आणि सव्वाशे वर्षांपूर्वी झाले तसेच, त्याच जागी पुन्हा होणारे खून. मयूराताई तोंडाने रामरक्षा पुटपुटत बघायच्या. सुरा दिसला की पदर डोळ्यांवर, आणि प्रेत दिसलं की न चुकता नमस्कार. “अगं, ती नटी आहे. आत्ता उठून चहा प्यायली असेल,” अप्पा चिडवायचे. तरी त्या हात जोडायच्याच. दर शुक्रवारी दोघांचं भांडण ठरलेलं. अप्पा म्हणायचे, जुन्या खुनांची गोष्ट रंगवून सांगतो तो म्युझियमवालाच खुनी. मयूराताईंचा संशय डॉक्टरवर. “चहा अर्धा टाकून उठतो मेला, मन थाऱ्यावर नाही त्याचं.”

शेवटचा भाग यायच्या आधी अप्पाच गेले. भाग रेकॉर्ड होऊन पडला होता. मयूराताईंनी तो लावला नाही. लावला की भांडण मिटलं, आणि दोघांनी मिळून करायचं असं मग काहीच उरलं नाही.

“मला नाही बघायचं,” त्या म्हणाल्या.

“मी बसते ना शेजारी.”

त्यांनी अंगणात पाहिलं. हेल्मेट घातलेला लेक पानाशी उपाशी उभा होता. त्या आत आल्या आणि पडदे ओढून सोफ्यावर आपल्या बाजूला बसल्या. स्वरदा अप्पांच्या जागी बसायला गेली, थबकली आणि खाली सतरंजीवर टेकली.

“बस गं वर,” मयूराताई म्हणाल्या. “रागावणार नाहीत ते.”

धुकं आलं, सुरा आला, पदर वर गेला. शेवटी म्युझियमवाल्याच्या हातात बेड्या पडल्या.

“Oh my god, आबा was right!”

“आता ऐकवतील जन्मभर,” मयूराताई म्हणाल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

त्या तशाच, हेल्मेट न घालता, कुंपणाशी गेल्या. “अहो, तुमचंच खरं. म्युझियमवालाच. जिंकलात. आता जेवा.”

फांदीवरून मॅगपाय उतरला. मयूराताईंच्या डोक्यावर न झेपावता तो पानापाशी चालत आला, मान तिरकी करून त्याने पाहिलं आणि वडा उचलला.

राघव गोंधळला. “आई, कावळ्याऐवजी हा चालतो का?”

“इथे बाहेरून आपण आलोय की तो? चालतो. चल, हातपाय धू.”

त्यांनी पुन्हा गॅस पेटवला आणि उरलेले वडे तळायला घेतले. जेवणं झाली की स्टेशनजवळच्या दुकानात जायचं होतं. उद्या घट बसणार होते आणि सप्तधान्य आणायचं राहिलं होतं.