पेट्रोलच्या नळीचा तुकडा

नव्वदच्या दशकातली ती आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, मी आजही विसरलेलो नाही. मी तेव्हा बंगळूरला शिवाजीनगर भागातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक गाडी धुऊन, हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवून पुजतात. कित्येक महिने धूळ खात पडलेली गाडीसुद्धा त्या दिवशी बाहेर निघते.

दुपारी दोनच्या सुमारास अशीच एक जुनी मोटार पेटली. पूजा उरकून मालकाने ती गल्लीबाहेर काढली आणि चौक येण्याआधीच बॉनेटमधून ज्वाळा निघाल्या. मालकाचे दोन्ही हात भाजले. पंचनामा करताना गाडीखाली पेट्रोलच्या नळीचा एक तुकडा सापडला, आगीतून वाचलेला. त्याला चीर होती, ब्लेडने कापल्यासारखी सरळ.

तासाभरात खबर आली. मालकाच्या घरासमोरचा फुलवाला ठाण्यात येऊन म्हणाला, "सार, मालकाचं आणि मेकॅनिकचं परवा मोठं भांडण झालं. काल तोच मेकॅनिक गाडीखाली झोपून काहीतरी करत होता."

मेकॅनिकला आणलं. तो निघाला आमच्यातलाच, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरातला. आता सगळं ठाणं माझ्याकडे बघणार, साहेब आपल्या माणसाला सोडतात का म्हणून! त्यामुळे मी जरा जास्तच कडक झालो. नळीचा तुकडा त्याच्यासमोर टाकला. तो बघताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सापडला चोर, मला वाटलं.

"ही तू कापलीस?"

"नाही साहेब. चार महिन्यांमागं मीच बसवली. काल नुसता ब्रेक बघितला. पण स्वल्प ऐका, माझ्या अक्काची..."

"विचारलं तेवढंच सांग. भांडण कशावरून झालं?"

"काम लवकर पाहिजे होतं त्यांना. साहेब, अक्काची गाडी..."

"अक्काला मध्ये आणू नकोस!"

संशयिताला एकटं बसवलं की तो आपोआप नरम येतो, हा आमचा नेहमीचा डाव. त्याला मागच्या खोलीत बसवून दाराला बाहेरून कडी घातली, हवालदार उभा केला आणि आतल्याशी अवाक्षर बोलायचं नाही अशी हवालदाराला ताकीद दिली. आतून तो दार बडवत होता. नाटकं करतोय म्हणून मी चहा मागवला. अर्धा तास गेला.

चहा पिता पिता मी तो तुकडा सहज वाकवला. मुद्देमालाशी असा खेळ करणं चूकच, पण केला. तुकडा कट्‌कन मोडला आणि मोडलेली कडा अगदी तशीच सरळ निघाली. नळी कोणी कापलेलीच नव्हती. ती पाण्याची साधी प्लॅस्टिकची नळी होती, पेट्रोलने कडक होऊन तडकलेली. मी उठून कडी काढायला धावलो.

दार उघडताच तो माझ्या पायांवर पडला. "मला खुशाल आत टाका साहेब! पण याच नळीचा तुकडा मी अक्काच्या व्हॅनला लावलाय. साडेचारला त्यांची पूजा आहे. इंजिन चालू ठेवून समोर कोहळ्यावर कापूर पेटवतात. पोरी आत बसलेल्या असतील!"

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. अक्का इंदिरानगरला राहायची आणि घरी फोन नव्हता. वायरलेसवर निरोप दिला, तर जवळची गस्तीची गाडी गर्दीत अडकलेली. त्याला घेऊन आम्ही जीप काढली. रस्ताभर हार घातलेले ट्रक आणि रिक्षा. इतका मी आख्ख्या नोकरीत घाबरलो नव्हतो.

पोचलो तेव्हा व्हॅनचं इंजिन सुरू होतं आणि दोन मुली खिडकीतून डोकावत होत्या. अक्काच्या हातातल्या कोहळ्यावर कापूर नुकताच पेटला होता.

"अक्का, मागे! मागे हो!" तो जीपमधून उडी टाकतच ओरडला.

ती गोंधळून मागे सरकली. मी मुलींना बाहेर ओढलं, तिच्या नवऱ्याने इंजिन बंद केलं. उदबत्त्यांच्या धुरात कोणालाच पेट्रोलचा वास आला नव्हता. खाली वाकून पाहिलं, तर चाकाजवळच्या लिंबावर थेंब थेंब पेट्रोल पडत होतं.

मेकॅनिकवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि त्याने तो कबूल केला. तेव्हापासून जुनी गाडी बऱ्याच दिवसांनी काढायची असेल, तर मी आधी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी हाताने चाचपतो. खालची जमीन कोरडी आहे ना, तेही बघतो. चौकशीत समोरचा माणूस न विचारलेलं सांगू लागला, की आधी ते ऐकून घ्यायचं, हेही मी त्याच दिवशी शिकलो. फार उशिरा शिकलो.

पुढे एकदा अक्का प्रसाद घेऊन ठाण्यात आली. "तुम्ही वेळेवर आलात म्हणून माझ्या पोरी वाचल्या, साहेब," म्हणाली आणि डोळे पुसू लागली. जामिनावर सुटलेला तिचा भाऊ मागे उभा होता. त्या अर्ध्या तासाबद्दल त्याने तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. प्रसाद घेतला आणि मान खाली घातली.