जिज्ञासूंचा ग्रुप आणि माझी रिबू

रविवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, उपासना सुटून चर्चच्या दारात अजून चपला शोधणं चालू होतं, तेवढ्यात आमच्या मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू झाला. तेव्हापासून किस्से साचतायत. मी काही जमवायला बसले नाही. पिठात पोरकिडे होतात तसे ते आपोआप झाले, आणि चाळत बसले तरी संपत नाहीत.

ग्रुपचं नाव 'जिज्ञासू विश्वासणारे'. काढला सॅम्युएलदादाने, तो आमच्या तरुणसंघाचा सेक्रेटरी. शास्त्र, म्हणजे बायबल, समजायला उपयोगी पडतील अशा लिंका टाकायच्या आणि नाशिकच्या आसपासची जुनी चर्चेस सुचवायची, म्हणजे सहल काढता येईल. मला फार बरं वाटलं. सातवीनंतर मला कोणी काही शिकायला बोलावलंच नव्हतं.

पहिला मेसेज आला: "कृपया कोणीही प्रश्न विचारून ग्रुप डिस्टर्ब करू नये."

*

मी तरी विचारला. माझी रिबू सहा वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. मूकबधिर शाळेत जाते, हातांनी बोलते, आणि इतकी बोलते की जेवताना सारखा घास खाली ठेवावा लागतो. खुणा मी तिच्याकडूनच शिकले. पण नोहाचं तारू, योनाचा मासा हे खुणांनी कसं सांगायचं? मला एकच घोर, या पोरीला देवाचं कोण सांगणार? म्हणून लिहिलं, खुणांनी गोष्टी सांगणारे व्हिडिओ कोणाला माहीत आहेत का.

महिला मंडळाच्या अध्यक्ष शालिनीमावशी. त्यांनी लगेच लिंक पाठवली, अख्खं शास्त्र मराठीत वाचून दाखवणारी. मी लिहिलं, मावशी, रिबूला ऐकू येत नाही.

मावशींचं उत्तर: "मग आवाज वाढव की."

*

रिबू तेव्हा संडेस्कूलला जायची. एका रविवारी टीचरने मला बाहेर बोलावलं. मला वाटलं, पोरगी पडली की काय. तर टीचर म्हणाल्या, हिला तुमच्याजवळच बसवत चला. मी विचारलं, दंगा करते का? नाही. मारते कोणाला? नाही.

"बाकीची मुलं हिचे हात बघत बसतात. माझ्याकडे कोणी बघतच नाही."

त्या दिवसापासून रिबू माझ्या शेजारी, बायकांच्या बाकावर. तासभर उपदेश चालायचा आणि ती छताचा पंखा बघायची. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, आपण या विषयासाठी प्रार्थना करू. मिस्टरांना सांगितलं. ते लासलगावहून कांद्याच्या गाडीवर निघाले होते. म्हणाले, भांडू नको, उद्या मयत झाली तर हीच माणसं खांदा द्यायला येतील.

*

शेवटी व्हिडिओ मीच शोधला. एक ताई नुसत्या हातांनी योनाची गोष्ट सांगते. मासा गिळतो तिथे तिची बोटं अशी मिटतात की रिबूने माझ्या मांडीत तोंडच लपवलं. मग परत लाव, परत लाव. आपल्यासारखं अजून कोणी असेल म्हणून मी ती लिंक ग्रुपवर टाकली.

थोड्या वेळाने बघते तर काढून टाकलेली. खाली सॅम्युएलदादाने लिहिलं होतं: "रूथताई, लिंक चेक करून टाकत जा. हिला आवाजच नाही."

*

मग सहल निघाली, इगतपुरीला, तिथलं जुनं दगडी चर्च बघायला. घोटीला चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने विचारलं, एवढ्या बाया कुठं निघाल्या? शालिनीमावशी ऐटीत म्हणाल्या, "साक्ष द्यायला." आमच्यात साक्ष देणं म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. त्याला काय माहीत!

"कोणाच्या इरोधात?"

"विरोधात नाही हो, प्रभूच्या बाजूने."

त्याने गाडीभर बाया बघितल्या. "लय मोठी केस दिसती."

सगळ्या पोट धरून हसल्या. मीपण हसले. मग गाडीत चढताना मावशींनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, आज तूपण उठ. रिबूला थोडं थोडं ऐकू यायला लागलंय म्हण.

"पण नाही ना येत, मावशी."

"विश्वासाने म्हणायचं गं. लोकांना उत्तेजन मिळतं. संडेस्कूलचं मग मी बघते."

इगतपुरीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. काय बघितलं विचाराल तर सांगता येणार नाही. पोरीला वर्गात बसायला मिळणार होतं, एका वाक्यात.

चर्चमध्ये साक्षी सुरू झाल्या आणि माझं नाव पुकारलं. मी उठले. म्हणाले, "रिबूला ऐकू येत नाही. कानात मशीन घालूनही येत नाही. पण तिला सगळं समजून घ्यायचंय."

आणि सवयीने सगळे म्हणाले, "आमेन."

*

पाळकसाहेब तिथेच बसलेले होते. परत येताना म्हणाले, एक रविवार बसवून बघू.

म्हणजे परीक्षाच. शनिवारी मी रिबूची वेणी घातली तशी सोडून पुन्हा घातली. तिला सांगितलं, टीचर करतील तसं करायचं. ती म्हणाली, हो.

रविवारी मी वर्गाच्या दाराशी उभी राहिले. गोष्ट झाली. रिबू पुढे बसून टीचरचे ओठ बघत होती. मग टीचर म्हणाल्या, हात जोडा, डोळे मिटा. सगळ्यांनी मिटले. रिबूने नाही. तिने आपली प्रार्थना सुरू केली, घरी करते तशी. मशीनसाठी, पप्पांच्या गाडीसाठी, त्या माशासाठीसुद्धा. टीचर उठून तिच्या मागे गेल्या, तिचे दोन्ही हात एकमेकांवर ठेवले आणि आमेन होईपर्यंत घट्ट धरून ठेवले. चेहरा प्रेमळच होता त्यांचा.

बाहेर आल्यावर रिबूने मला थांबवलं आणि हातांनी विचारलं:

"मी देवाशी बोलत होते तर टीचरने माझं तोंड का दाबलं?"

नाशकात, नाहीतर नाशकाबाहेर एसटी जाते तिथवर, रिबूला बसू देतील असं संडेस्कूल कोणाला माहीत असेल तर कळवा. माहीत नसेल तर हे पुढे पाठवा.