फ्रिजवरच्या पाच चांदण्या

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं. चौथीनंतर हातात पेन आलं ते सहीपुरतंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल त्याची आधीच माफी मागते. हे कुणाला दाखवणार नाही, तरी मागितलेली बरी.

आज फ्रिज पुसताना दारावरच्या कागदाचा कोपरा सुटला. कणकेची खळ करून परत चिकटवला. फ्रिज जुना झाला, तरी तो कागद काढावा असं मला कधी वाटलं नाही. तो पाहिला की जीजी आठवते.

जीजी म्हणजे माझी मोठी जाऊ. रनाळ्यात आमचं घर एक, मधे भिंत, चुली दोन. पण लाईटचं मीटर एकच. बिल आलं की निम्मं तिचं, निम्मं माझं. सासूबाई माझ्याकडे होत्या. त्यांना साखरेचा आजार, रोज इंजेक्शन लागायचं. औषधाची बाटली मी डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. एका उन्हाळ्यात त्यांची साखर काही केल्या उतरेना. डॉक्टर म्हणाले, औषध उष्म्याने वाया गेलंय, फ्रिज घ्या.

फ्रिज रात्रंदिवस चालू राहणार. बिल झेपलं नाही तर बटण बंद करावं लागेल, आणि बंद केलं की औषध पुन्हा वाया. आम्हा दोघींना घोर तो एवढाच.

आमच्या यांनी पैसे दिले आणि आम्ही दोघी नंदुरबारला गेलो. दुकानदार मारवाडी, पण बोलायला आमच्यासारखाच. त्याने सारख्या मापाचे दोन फ्रिज दाखवले. एकाच्या दारावरच्या कागदात दोन चांदण्या लाल, बाकी पांढऱ्या. दुसऱ्यावर पाचही लाल. तो महाग होता, यांनी दिलेल्या पैशांत न बसणारा. मी त्याच्याकडे सरकले तशी जीजीने माझा पदर ओढला.

"त्याना जोडे जाऊ नको वं. लाल शे ते."

"लाल शे ते काय व्हयनं?"

"फवारानी औषधना डब्बावर लाल निशानी ऱ्हास ना? एक लाल म्हंजे जहर. आठे ते पाच शेत." तिने कागदावरच्या पाचही चांदण्या बोटाने मोजून दाखवल्या.

जीजीचं माहेर कोरीटचं, सगळी हयात कपाशीत गेलेली. तिला वाचता येत नव्हतं, पण डब्यावरचा रंग ती लांबून ओळखायची. हिरवी खूण म्हणजे औषध सौम्य, लाल म्हणजे जहाल. लाल फवारलं की त्या वावराच्या बांधावर ती भाकरसुद्धा सोडू द्यायची नाही. मलाही क्षणभर तिचंच खरं वाटलं.

दुकानदार हसला. "भाभी, जितला तारा जास्ती, तितली लाईट कमी खास तो."

"तुम्ही ते तसंच सांगशात," जीजी म्हणाली. "महाग शे ना तो."

मी खाली मान घालून कागद बघत होते. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. चांदण्यांखाली मोठा आकडा होता. वर्षाचे युनिट, असं दुकानदार सांगत होता. युनिट मला बिलावरून माहीत. महागड्या फ्रिजवरचा आकडा लहान होता, म्हणजे तो लाईट खरंच कमी खाणार. एवढं बोलायचं तर परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी जीजीच्या कानात सांगितलं. तिने मला दोन्ही आकडे पुन्हा वाचायला लावले. मग कमरेची चंची सोडली.

"वरना पैसा मी देसू. माले हळूहळू परत दे. पन बिल वाढनं ते तुन्हा माथावर."

पहिलं बिल आलं तशी ती ते घेऊन मागच्या गल्लीत गेली. तिथे एका घरी कुणाचा तरी वापरलेला जुना फ्रिज होता. त्यांचं बिल आमच्या बिलाला लावून पाहून ती परत आली आणि उंबऱ्यावर बसली. आमचंही बिल थोडं वाढलं होतं, पण झेपण्यासारखं.

"त्यासना फ्रिज लाईट पेस वं," ती घटाघट प्यायल्यासारखा हात करून म्हणाली. "आपला नुसता चाखस."

त्या महिन्यापासून वाढलेलं बिलही तिने निम्मं वाटून घेतलं.

आम्ही दोघी मिरचीची देठं खुडायला जायचो. त्या मजुरीतून मी तिचे पैसे थोडे थोडे फेडायची. संध्याकाळी ती यायची ते हात झटकत. मिरचीने बोटांची आग व्हायची. मी पैसे पुढे केले की म्हणायची, "पैसा मंग. पहिले बरफ दे." बर्फाचा खडा दोन्ही तळव्यांत धरून, डोळे मिटून बसायची. पाणी कोपरावरून ओघळून लुगड्यावर पडायचं.

दारातून ऊन यायचं त्याने चांदण्या फिक्या पडत गेल्या. सासूबाई खाटेवरून विचारायच्या, "कितलं जहर ऱ्हायनं वं?"

"अर्धं उतरनं, माय," जीजी सांगायची, आणि त्या दोघी पोट धरून हसायच्या.

सासूबाई गेल्या त्या म्हातारपणाने, झोपेत. औषध पुन्हा कधी वाया गेलं नाही. नंतर जीजीच्या मुलाने तिला सुरतेला बोलावलं. जायच्या आदल्या संध्याकाळी ती आली. शेवटचे पैसे माझ्या मुठीत होते. थोडे कमी आहेत म्हणावं, म्हणजे तिला परत यावं लागेल, असं माझ्या मनात आलं होतं. मी मूठ उघडली नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. "ठेवू नको बाकी. मी पैसासाठे येस का? मी ते बरफसाठे येस."

बर्फ घेतला, हातात वितळू दिला. जाताना ओलं बोट कागदावरून फिरवलं. "धव्वं पडनं," म्हणाली. चांदण्या पार पांढऱ्या पडल्या होत्या. मग माझी मूठ तिनेच उघडली, पैसे मोजले, चंचीत घातले आणि नाडी ओढली. तिचे सगळे पैसे फिटले.