मामांनी ‘अलाऊ’ दाबलं

माझ्या बायकोच्या मामांइतका पराकोटीचा होकारार्थी माणूस उभ्या मुलुंडात झाला नसेल आणि पुढे होण्याची शक्यताही नाही. दारात आलेल्या माणसाला ‘नको’ म्हणणं त्यांना जमतच नसे. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकायला आलेला माणूस यंत्र विकायचं विसरूनच परत जाई, पण जाताना सोलकढी पिऊन आणि आपल्या बहिणीच्या बाळंतपणाची सगळी हकीकत सांगून हलक्या मनाने जाई. चुकून लागलेल्या फोनवर मामा ‘राँग नंबर’ असं कधी म्हणत नसत. ‘तुम्हाला कोण हवं होतं?’ असं विचारत आणि मग त्या माणसाला शोधण्याच्या कामाला लागत. अशाच एका चुकीच्या फोनवरून भांडुपच्या एका बाईंशी त्यांची ओळख झाली आणि त्या बाई पुढे दर संक्रांतीला तिळगूळ द्यायला येऊ लागल्या. मामी अस्सल मालवणच्या. त्यांचं यावरचं मत ठरलेलं होतं. ‘ह्यांका देवान मान दिल्यान ती फक्त वर-खाली हलवूक.’

मामा विक्रोळीच्या एका कारखान्यात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले. खातं कुठलंही असो, त्यांचं खरं काम लग्नं जुळवण्याचं होतं. मशीनवर उभं राहून त्यांनी फिटरची बहीण टर्नरच्या भावाला दिली, कँटीनच्या मॅनेजरला वयाच्या चाळिशीत बोहल्यावर चढवलं. निवृत्तीनंतर तर हे अखंड सुरू झालं. कुणाकडून काही घ्यायचं नाही, लग्नात जेवायला मात्र शेवटच्या पंगतीला बसायचं, असा त्यांचा नेम. ‘आपण घरचे, आपण मागून बसावं,’ असं म्हणायचे. घटस्फोट झालेले, वय वाढलेले, साखरपुडा मोडलेले, ज्यांच्याकडे बाकीचे लोक पाठ फिरवत, ते हमखास मामांच्या हॉलमध्ये सोफ्यावर सापडत. मामा त्यांच्याकडे बघून मान वर-खाली हलवत असत.

मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला आणि मामांच्या हातात आला. मामींनी त्याला क्रोशाचं पांघरूण विणलं. मामा रोज सकाळी आंघोळ करून ते पांघरूण घडी घालून बाजूला ठेवत, हात जोडत आणि एका बोटाने मुलामुलींची माहिती टाईप करायला बसत. प्रत्येक अक्षर दाबताना ते मोठ्याने म्हणत, त्यामुळे समोरच्या घरातल्यांनाही कोणाचं गोत्र काय ते पाठ झालं होतं. इथवर सगळं ठीक होतं. पण लवकरच कॉम्प्युटर मामांना प्रश्न विचारू लागला.

‘ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते, अलाऊ की ब्लॉक?’ असा चौकोन ज्याच्या त्याच्या पडद्यावर येतो. आपण तो न वाचता मिटवतो. मामा तो चष्मा लावून वाचत. आणि एवढ्या अदबीने परवानगी मागणाऱ्याला ‘ब्लॉक’ म्हणणं त्यांच्याच्याने होत नसे.

‘जावईबापू, ब्लॉक म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं हो,’ ते मला म्हणाले होते. ‘बिचारा विचारतोय ना नीट. न विचारता तर घुसत नाहीये.’

मी अंधेरीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. दिवसभर लोकांची बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायची आणि रविवारी मुलुंडला जाऊन मामांचं दुरुस्त करायचं, असा माझा जन्म ठरून गेला. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या पडद्याची दशा बघून मला बसवेना. उजव्या कोपऱ्यातून एकामागून एक चौकोन वर येत होते. टक्कल, कर्ज, पोट साफ, परदेशी लॉटरी, कॉम्प्युटरला विषाणूची बाधा झाल्याची लाल अक्षरातली धमकी. ब्राउझरचं पहिलं पानच बदललं होतं. नेहमीच्या शोधपानाच्या जागी कुठलंसं अनोळखी पान ठाण मांडून बसलं होतं आणि त्यावर काहीही शोधलं तरी ते आपल्या मनाचं दाखवी. मामांनी कुडाळच्या गाडीची वेळ विचारली की ते बूट दाखवी. ‘बूटही चांगले होते,’ मामा म्हणाले.

मी परवानग्या काढल्या, ब्राउझरला चिकटलेली बांडगुळं, म्हणजे एक्स्टेन्शनं, उपटली, पहिलं पान जागेवर आणलं. मामींनी आंबोळ्या केल्या होत्या त्या खाल्ल्या आणि घरी आलो. पुढच्या रविवारी सगळं परत जसंच्या तसं. मग मी जास्त खोलात शिरलो. नको ते प्रोग्राम काढले, साफसफाईची हत्यारं फिरवली, ब्राउझर उपटून नवा टाकला. थोडे दिवस शांतता, आणि मग मामांचा तोच मवाळ फोन. ‘जावईबापू, गडबड नाही. पण ती मंडळी परत आली आहेत.’ पॉप-अपना ते मंडळी म्हणत. ऑफिसात माझा हात लागला की यंत्र सुधारतं अशी माझी थोडीफार ख्याती होती. मुलुंडच्या त्या हॉलमध्ये ती दर रविवारी थोडी थोडी मरत होती. उलगडा होईना. काढतोय मी सगळं, मग ते परत येतंय कुठून? मामींनाही माझी दया येऊ लागली. ‘ह्यो जावय येता नि त्या पेटयेवांगडा झगडत बसता. दोन घास सुखान खाऊक तरी देवा त्येका,’ असं त्या मामांना सुनवत.

एकदा मामांनी मला हळूच बाजूला घेतलं. कोपऱ्यात एका बाईंचा फोटो येत होता. खाली इंग्रजीत लिहिलेलं, की मुलुंडमधल्या एकट्या स्त्रिया तुमच्याशी बोलायला उत्सुक आहेत. मामी आत आहेत ना, ते मी आधी पाहिलं. मामा मात्र गंभीर होते. ‘ही मुलगी रोज येते. वय बत्तीस म्हणतात. आपल्या परबांच्या मुलाला वयाचं चालेल. फक्त आडनाव कुठे देत नाहीत हो. मी दोनदा लिहून विचारलं, उत्तर नाही.’ मी त्यांना ही मुलगी खरी नाही, हा सापळा आहे, हे समजावून सांगायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, ‘तसं असेल. पण फोटो कुणाचा तरी असेलच ना? तिच्या घरच्यांना माहीत आहे का हे?’ मी तो फोटो बंद केला. मामा चष्मा पुसून त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघू लागले.

मग घाटकोपरच्या मंडळींचं झालं. ही मात्र खरी मंडळी.

मामांचा कारखान्यातला एक जुना मित्र होता. त्याची मुलगी सुजाता एका दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करायची. तिचा साखरपुडा ऐनवेळी मोडला होता, तिचा काही दोष नसताना. तेव्हापासून तिच्या वडिलांनी लोकांत जाणं सोडलं होतं. मामांनी या लग्नासाठी जिवाचं रान केलं. शेवटी घाटकोपरचं एक स्थळ जुळत आलं. मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचे. ते पत्नीसह पत्रिका आणि फोटो बघायला मामांकडे आले. त्या दिवशी मीही तिथेच होतो, कारण मामांनी मला ‘ऐनवेळी यंत्र रुसायला नको’ म्हणून बोलावून घेतलं होतं. मी सकाळीच सगळं साफ करून ठेवलं होतं. नंतर चहाची वेळ झाली तेव्हा मी मामींना मदत करायला आत गेलो. तेवढ्यात मामांनी पडदा पाहुण्यांकडे वळवला आणि सुजाताचा फोटो उघडला.

आतून मला आधी गाण्याचा आवाज आला, मग एका बाईचं लाडिक इंग्रजी. मी कपबशा टाकून बाहेर धावलो. सुजाताच्या फोटोवर, तिचा चेहरा पुरता झाकून, आणखी एक बाई पहुडली होती. तिच्या अंगावर कपडे असे फारसे नव्हते. मुख्याध्यापक उठून उभे राहिले होते. त्यांच्या पत्नीने पदर तोंडावर घेतला होता. आणि मामा, माझे सज्जन मामेसासरे, अत्यंत शांतपणे समजावून सांगत होते, ‘ही ती नव्हे. ही दुसरी. ही मुलुंडातलीच आहे, पण हिची पत्रिका मिळालेली नाही.’

पाहुणे चहा न घेता गेले. मुख्याध्यापक जाताना दारातून एवढंच म्हणाले, ‘या वयात शोभतं का तुम्हाला?’ दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला. पण तो नकार मामांपर्यंतच थांबला नाही. घाटकोपरहून विक्रोळीला, विक्रोळीहून सगळ्या ओळखीच्यांत ती गोष्ट तिखटमीठ लावून फिरली, आणि मामांबरोबर त्यात सुजाताचंही नाव आलं. तिच्या आयुष्यात दुसऱ्यांदा, काही दोष नसताना.

मामा तिच्या वडिलांच्या घरी जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. परत आले आणि सोफ्यावर बसून राहिले. जेवायला या म्हटलं तर ‘हो’ म्हणत आणि उठत नसत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा होकार खोटा पडला होता. मामी घाबरल्या. त्यांनी मला फोन केला, एरवीचा तिखटपणा आवाजात नव्हता. ‘या हो लवकर. ते बोलत नाहीत.’

मी गेलो. मामा म्हणाले, ‘काढून टाका. सगळं काढून टाका.’ आणि मग खाली बघत पुढे म्हणाले, ‘मला माहीत आहे ती मंडळी कुठून येतात.’

त्यांनी मला पत्रिका मांडण्याचा एक प्रोग्राम दाखवला. इंटरनेटवर फुकट मिळणारा. जन्मवेळ टाकली की पत्रिका तयार, गुण जुळतात की नाही तेही लगेच. तो उतरवून घेताना तो मधे मधे विचारी, हेही घ्याल का, तेही घ्याल का, आणि मामा सगळ्याला हो म्हणत. ती ‘हे’ आणि ‘ते’ म्हणजेच सगळी घाण होती. मी दर रविवारी सफाई करताना इतर कचऱ्याबरोबर, नावही न वाचता, तो प्रोग्राम उडवत असे आणि माझी पाठ वळली की मामा तो परत आणत; घाटकोपरचे पाहुणे आले त्या दिवशीसुद्धा.

‘मला सांगायचं तरी,’ मी म्हणालो.

‘तुम्ही एवढा घाम गाळून काढायचात. तुम्हाला कसं सांगणार, की मी परत घेतला म्हणून? वाईट वाटलं असतं तुम्हाला.’ त्यांनी क्रोशाच्या पांघरुणाची घडी सारखी केली. ‘आणि पत्रिकेशिवाय लोक बसतच नाहीत हो बोलायला.’

मला रागवायचं होतं. ते सोफ्यावर इतके लहान होऊन बसले होते की राग बाहेर पडला नाही. मी कॉम्प्युटरसमोर बसलो. पत्रिकेचा प्रोग्राम मुळापासून काढला, त्याच्याबरोबर आलेलं एकेक सामान काढलं, यंत्र सुरू होताच आपोआप जागं होणारं एक लपलेलं काम सापडलं ते बंद केलं, सगळ्या परवानग्या रद्द केल्या आणि यापुढे कुणीही परवानगी मागूच नये अशी सोय केली. मामा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. प्रत्येक वेळी ‘काढू?’ असं मी विचारी आणि ते मान हलवत. शेवटी पडदा इतका स्वच्छ झाला की त्यात आम्हा दोघांचे चेहरे दिसू लागले.

सुजाताचं लग्न पुढे झालं. तिनेच जमवलं, तिच्या दवाखान्यात औषधं पोचवायला येणाऱ्या एका मुलाशी. आमंत्रण द्यायला ती स्वतः मुलुंडला आली. मामांच्या पाया पडली आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एका चुकीच्या चित्रावरून जे लोक उठून गेले त्यांच्या घरात मी कशी नांदले असते?’ मामा हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात ते शेवटच्या पंगतीला बसले आणि पोटभर जेवले. सुजाताच्या वडिलांनी स्वतः त्यांना वाढलं.

पण त्यानंतर मामांच्या सोफ्यावर फारसं कुणी येऊन बसलं नाही. त्या गोष्टीमुळे नव्हे. ती लोक विसरले. मुलंमुली आता आपापल्या फोनवर एकमेकांना शोधतात आणि नकोसं असलं की अंगठ्याने बाजूला सारतात. मामांना मी ते दाखवलं होतं. ते म्हणाले, ‘चहापण नाही देत का?’

मलाही मुलुंडला जायचं कारण उरलं नाही. ऑफिस, घर, रविवारची झोप, असे महिने गेले. मग एकदा दुपारी मामांचा फोन आला. ‘जावईबापू, गडबड नाही. पण ती मंडळी परत आली आहेत.’

मी गेलो. यंत्र सुरू केलं. सगळीकडे पाहिलं. कुठेही काही नव्हतं. परवानग्या रद्दच होत्या, नवा एकही प्रोग्राम आलेला नव्हता, पहिलं पान जागच्या जागी होतं. मी मामांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

‘आत्ता होतं इथे,’ ते म्हणाले.

मी मामींकडे वळलो. या पेटीचं नाव काढलं तरी ज्यांच्या कपाळाला आठी पडायची, त्या मामी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. माझ्या नजरेला नजर देऊन त्या म्हणाल्या, ‘होय. सकाळपासून येतंय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही बसा नीट, आंबोळ्या टाकते मी.’

मी खुर्ची पुढे ओढली, शेजारी मामांना जागा केली आणि म्हणालो, ‘मोठं काम दिसतंय, मामा. संध्याकाळ होणार.’

‘होऊ दे,’ मामा म्हणाले आणि त्यांनी मान वर-खाली हलवली.