सगळंच नाकबूल

मी धुळ्याची. कायद्याची पदवी तिथेच घेतली, वर्षभर एका वकिलांच्या हाताखाली कोर्टाचे उंबरे झिजवले, आणि जळगावला विद्यापीठात विधी सहायकाची जागा निघाली तेव्हा अर्ज टाकला. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वडील म्हणाले, विद्येचं घर आहे, माणसं चांगलीच असतील. मला अजून त्या वाक्याचा राग येतो. वडिलांचा नाही, वाक्याचा.

विद्यापीठाचा कायदा कक्ष म्हणजे परीक्षा विभागाच्या मागची एक खोली. कायदा अधिकारी, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. टंकलेखक, ज्यांना सगळे नाना म्हणत. मी. आणि एक शिपाई, जो कायम कुलसचिवांच्या दाराशी असायचा, कारण चहा तिकडे चांगला मिळे. कागदावर आमचं काम फार थोर होतं. विद्यापीठाने कुठलाही निर्णय घेण्याआधी तो कायद्यात बसतो की नाही, हे आम्ही सांगायचं. प्रत्यक्षात आधी कोणीच विचारायचं नाही. कोणाची वेतनवाढ रोखायची, कोणत्या कॉलेजची मान्यता काढायची, कोणत्या पोराचा निकाल अडवायचा, हे सगळं वर कुठेतरी चहा पिता पिता ठरायचं. मग त्यातल्या कोणी दावा लावला, कोर्टाचं समन्स आलं, की फाइल आमच्या टेबलावर येऊन आदळायची. वर एक ओळ लिहिलेली असायची: योग्य त्या कार्यवाहीसाठी. अयोग्य ते करून झाल्यावर योग्य ते आम्ही करायचं.

दावा लागला की ज्याच्यावर लागला त्याने कोर्टाला लेखी उत्तर द्यायचं असतं. त्याला कैफियत म्हणतात. दाव्यात मुद्दे असतात, त्यातला कोणता कबूल, कोणता नाकबूल, ते कैफियतीत लिहायचं. साधी गोष्ट आहे. पण साहेबांचा एक सिद्धांत होता. "बाई, एक मुद्दा कबूल केला की खाली सगळं घसरत जातं. विद्यापीठाने काही कबूल करायचं नसतं." त्या सिद्धांतापायी नानांनी एक नमुनाच तयार करून ठेवला होता. दाव्यातला अमुक मुद्दा खरा नाही, तो प्रतिवादीस नाकबूल आहे. हीच ओळ, जितके मुद्दे तितक्या वेळा. नाव बदलायचं, नंबर बदलायचा, सही घ्यायची, आणि विद्यापीठाच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे धाडायचं. दावा वाचायची गरजच नव्हती. मी पहिल्यांदा दावा वाचत बसले तेव्हा नाना मायेने म्हणाले, "ताई, डोळे कशाला खराब करता?"

तर अशा या ठिकाणी ती मुलगी आली.

शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वनस्पतिशास्त्राच्या पेपरला तिच्या बाकाखाली एक चिठ्ठी सापडली. बाक दोघींचा, मागे-पुढेही मुली, पण पर्यवेक्षकाने नाव लिहून घेतलं ते हिचं. चौकशी समितीने तिला बोलावलं, चिठ्ठी तुझी का म्हणून विचारलं, ती नाही म्हणाली, सही घेतली, झाली चौकशी. सगळी परीक्षा रद्द आणि पुढच्या परीक्षेलाही बंदी. एका आश्रमशाळेत तिची शिक्षिका म्हणून निवड झालेली होती. संस्थेचे सचिव भले माणूस, त्यांनी जागा धरून ठेवली. पण त्यांनीही शेवटी सांगितलं, दिवाळीची सुटी संपून शाळा उघडेल त्या दिवशी गुणपत्रक दाखव, नाहीतर मला दुसरी बाई घ्यावी लागेल. मुलांना शिकवायला कोणीतरी हवं ना? तेही खरंच होतं. म्हणून मुलीने जळगावच्या कोर्टात दावा लावला होता, आणि सोबत एक अर्ज, की दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण माझं गुणपत्रक तेवढं आता द्या.

दावा लागल्यावरही मायलेकी एकदा विद्यापीठात येऊन गेल्या, कोणी ऐकून घेईल म्हणून. शिरपूरहून चोपड्यामार्गे एसटीने आल्या होत्या. साहेबांनी भेट नाकारली. न्यायप्रविष्ट बाब, म्हणाले. दुपारी मी बाहेर गेले तर दोघी व्हरांड्यात भिंतीला टेकून कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी खात बसलेल्या. मी अहिराणीत विचारलं, कोठल्या तुम्ही, तशी आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. ऑफिसात आपली बोली बोलणारं कोणी असेल, असं त्या बाईला वाटलंच नव्हतं. तिने मला बसायला जागा करून दिली आणि म्हणाली, "ताई, मनी पोर खोटं बोलस नही." एवढंच. रडणं नाही, पाया पडणं नाही.

मी आत येऊन फाइल काढली. चिठ्ठी फाइलला टाचलेली होती. ती वाचली आणि डोक्यात तिडीक गेली. चिठ्ठी रसायनशास्त्राची होती. रासायनिक सूत्रं, अभिक्रिया, सगळं. पेपर वनस्पतिशास्त्राचा. म्हणजे पर्यवेक्षकाने वाचली नाही, केंद्रप्रमुखाने वाचली नाही, समितीतल्या शहाण्यासुरत्या प्राध्यापकांनी वाचली नाही. आदल्या पेपरला कोणीतरी टाकून गेलेला कागद, आणि एका पोरीचं वर्ष त्यावर ओवाळून टाकलं.

मी स्वतः कैफियत लिहिली आणि तिला एक टिपणी जोडली. चिठ्ठी दुसऱ्या विषयाची आहे, अहवालातच ती बाकाखाली सापडल्याचं लिहिलंय, शिक्षा मागे घेऊन निकाल जाहीर करावा असा कक्षाचा अभिप्राय आहे, म्हणजे कोर्टात भांडायचीही गरज नाही. साहेबांनी उभ्या उभ्या वाचली.

"चिठ्ठी कशाची ते कोर्ट बघेल. आपण कशाला बघायचं?"

"साहेब, मग आपण इथे कशासाठी बसलोय?"

"तुम्ही कुणाच्या पगारावर आहात?"

"विद्यापीठाच्या. ती पण विद्यापीठाचीच मुलगी आहे."

मग साहेब खुर्चीत बसले आणि समजावणीच्या सुरात बोलले. ते ओरडले असते तर मला इतका राग आला नसता. "हे बघा, समितीचा निर्णय चुकला म्हटलं तर उद्या रांग लागेल. दिवाळीपर्यंत ढकला. जागा गेली की पोरगी आपोआप थंड होते, दावा काढून घेते. मी वर्षानुवर्षं हेच बघतोय." ते चहा पीत हे सांगत होते. एका मुलीची नोकरी घालवायची, हा त्यांचा बचाव होता. कायदा नव्हता त्यात कुठे, नुसतं भिजत घोंगडं ठेवायचं. मी तसंच उठून कुलसचिवांकडे गेले. त्यांनी माझा मसुदा न वाचता विचारलं, साहेबांची सही आहे का यावर? नाही म्हटल्यावर कागद माझ्याकडे सरकवला. कोर्टात नानांचा नमुना गेला.

तारखेच्या दिवशी मला फाइल घेऊन कोर्टात जायचं होतं. ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत होतं. मायलेकी आधीच येऊन मागच्या बाकावर बसल्या होत्या. आमचे पॅनेलवरचे वकील दुसऱ्या कोर्टातून धावत आले आणि उभे राहूनच फाइल उघडली. त्यांनीही ती आयुष्यात पहिल्यांदाच उघडली होती. मुलीचे वकील तरुण होते, नवखे, पण तयारीने आलेले. न्यायाधीशांनी दावा डाव्या हाताला ठेवला, कैफियत उजव्या हाताला, आणि वाचता वाचता थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून आमच्या वकिलांकडे बघितलं.

"वकीलसाहेब, वादी तुमच्या संलग्न कॉलेजची विद्यार्थिनी आहे, असा पहिला मुद्दा. तुम्ही म्हणता, खरं नाही. तिने परीक्षा दिली. खरं नाही. विद्यापीठाने तिला शिक्षा केली. तेही खरं नाही. जळगाव शहर या कोर्टाच्या हद्दीत येतं, हेसुद्धा तुम्हाला नाकबूल आहे."

कोर्टात हशा पिकला. वकील हसले, पट्टेवाला हसला, दुसऱ्या प्रकरणासाठी आलेले लोकही हसले. न्यायाधीश हसले नाहीत. "ती तुमची विद्यार्थिनी नाही, परीक्षेला बसली नाही, तुम्ही शिक्षाही केली नाही. मग तिचा निकाल अडवलाय कोणी?"

माझ्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मी ज्या बाजूची फाइल धरून बसले होते ती बाजू तोंडावर आपटलेली बघून मला बरं वाटलं. वाटलं, आता एका मिनिटात हुकूम होईल. मुलीचे वकील तेच म्हणायला उठले होते. शिक्षाच नाकबूल असेल तर निकाल द्यायला अडचण काय?

आमचे वकील मुरलेले. चेहऱ्यावरची माशी हलली नाही. म्हणाले, "टंकलेखनातली नजरचूक आहे. कैफियत दुरुस्त करायला मुदत मिळावी."

मुलीच्या वकिलांनी सांगितलं, दिवाळीनंतर शाळा उघडेल, जागा जाईल, मग या अर्जाला अर्थच उरणार नाही. चिठ्ठी दुसऱ्या विषयाची आहे हेही सांगितलं. न्यायाधीशांनी कागद पुन्हा चाळले. त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "दुरुस्तीची संधी नाकारली तर हे वरच्या कोर्टात पहिला मुद्दा तोच घेतील, आणि मुलगी आणखी लटकेल." आमच्या वकिलांना त्यांनी खडसावलं, विद्यापीठाला खर्च बसवला, आणि तारीख दिली. दिवाळीची सुटी संपल्यानंतरची, शाळा उघडून गेल्यानंतरची. त्याआधी बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या प्रकरणांच्या यादीत, जागाच नव्हती.

म्हणजे बघा. गाढवासारखी चूक आम्ही केली, हसं आमचं झालं, बोलणी आम्ही खाल्ली, आणि जे हवं होतं तेही आम्हालाच मिळालं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या वकिलांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, चला, काम झालं.

बाहेर आले तर आई पायऱ्यांवर माझी वाट बघत उभी. चेहरा फुललेला. माझा हात धरून म्हणाली, "बठ्ठा हासनात वो ताई त्या वकिलले. आपन जिकनूत ना?"

तिने जे बघितलं होतं ते खरंच होतं. तिच्या मुलीला खोटं पाडणाऱ्यांना भरल्या कोर्टात सगळे हसले होते. त्या बाईच्या हिशेबाने हरलेल्याला हसतात. मी अहिराणीत सांगायला लागले, अक्का, तारीख पडनी, दिवाळीनंतर शे. ती ऐकत होती, मान हलवत होती, पण हात सोडत नव्हती. मुलगी मात्र मागे उभी होती आणि तिला सगळं समजलेलं होतं. ती पुढे आली, आईचा हात माझ्या हातातून हलकेच सोडवला. "चाल माय. गाडी चालनी जाई." माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्या काखेत विद्यापीठाची फाइल होती, ती का बोलेल?

ऑफिसात साहेबांना कळवलं. त्यांनी नानांना हाक मारून सांगितलं की पुढच्या वेळी पहिले दोन मुद्दे तेवढे बघून टाइप करत जा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, चुकलं तरी आपलंच साधलं." मी त्यांना तोंडावर सांगितलं की हा कायदा कक्ष नाही, हा माणसं दमवायचा कारखाना आहे. ते म्हणाले, एवढी तळमळ असेल तर बाहेर जाऊन वकिली करा. पुढे मी तेच केलं, धुळ्याला परत येऊन. पण ते नंतर.

दाव्याचा निकाल पुढच्या उन्हाळ्यात लागला. साहेबांचं भाकीत खोटं ठरलं, मुलीने दावा काढून घेतला नव्हता. निकाल तिच्या बाजूने झाला. शिक्षा रद्द, गुणपत्रक ताबडतोब द्या. साहेब शांत होते. अपील नको म्हणाले, आता कशाला?

कोर्टाचा हुकूम असल्यामुळे गुणपत्रक आमच्या कक्षातून, पोच घेऊन द्यायचं होतं. ती एकटीच आली. आश्रमशाळेतली जागा केव्हाच भरली होती, दिवाळीनंतरच्याच आठवड्यात. वर्गात दुसरी बाई शिकवत होती. मी गुणपत्रक पुढे केलं. प्रथम श्रेणी होती. तिने पोचेवर सही केली आणि तो कागद वाचला, सावकाश, सगळ्या विषयांचे गुण.

मग वर बघून विचारलं, "मॅडम, आता हे कोणाला दाखवू?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी झेलला असता. ती खरंच विचारत होती. दारावर कायदा कक्ष अशी पाटी होती, आत शिकलेली माणसं बसली होती, म्हणून विचारत होती. साहेबांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. नानांचं टाइपिंग चालूच राहिलं. तिने गुणपत्रक पिशवीत ठेवलं, आणि मग स्टँडवर जायची बस इथून किती वाजता सुटते, एवढं तिने मला विचारलं. ते मला माहीत होतं, ते मी सांगितलं.