मोरचुदाच्या पाण्यातला भैरोबा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? लोणावळ्याच्या शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवत होतो, तेव्हा माझ्या हातून एकदा चक्क देव विरघळला. हसू नका! त्या दिवशी मला रडू येत होतं.

कुरवंड्याच्या सोनामावशी आमच्याकडे दूध घालायच्या. एका रविवारी सकाळी त्यांनी पदराची गाठ सोडून देवघरातला टाक काढला. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ठोकलेला भैरोबा. पिढ्यान्‌पिढ्या घासून नाकाशी पत्रा पार कागद झालेला.

"मास्तर, आठ दिसांवर लेकाचं लगीन. तांबट म्हंतो, हातोडी लावली तर फाटंल. तुमास्नी काय करता यील का?"

"अहो, चुटकीसरशी!"

पुस्तकातलं मला सगळं पाठ होतं. मोरचुदाच्या पाण्यात तांब्याचे दोन तुकडे समोरासमोर टांगायचे आणि विजेच्या घटाला जोडायचे. हेच ते इलेक्ट्रोड. एक झिजतो, त्याचं तांबं पाण्यातून दुसऱ्यावर जाऊन बसतं. करून मात्र कधी पाहिलं नव्हतं.

घटाची टोकं दोन, एक तांब्याचं, एक जस्ताचं. टाक कुठल्या टोकाला? मी म्हटलं, तांबं तांब्याकडेच ओढ घेणार! टाक लावला तांब्याच्या टोकाला, दुसरा पत्रा जस्ताच्या. आणि ऐटीत जेवायला गेलो.

संध्याकाळी मावशींच्या समोरच तार वर ओढली. नाक नव्हतं. तोंडही नव्हतं. चाळण झालेली कड तेवढी लोंबत होती. समोरचा पत्रा मात्र गुलाबी, जाडजूड!

मावशींनी नुसते हात जोडले.

"चुकलं माझं, मावशी. तारा उलट्या लागल्या. जस्ताकडचं वाढतं, तांब्याकडचं झिजतं."

"मंग द्येव कुटं गेला?"

"हा काय, या पत्र्यावर बसलाय."

त्यांनी पत्रा काढायला लावला, धुतला, पदरानं पुसला, कपाळाला लावला. "मंग ह्योच द्या. तांबट ह्याच्यावर नवा टाक ठोकंल."

मी सुटकेचा श्वास टाकतोय, तोच त्या दारातून वळल्या.

"मास्तर, पोरास्नी बी ह्येच शिकवता व्हय?"

"हो."

"कदीपासनं?"

"सात वर्षं झाली."

इतका वेळ शांत असलेला त्यांचा चेहरा आता खरोखर काळजीत पडला.

"माजा द्येव घडंल हो परत. त्या पोरांचं काय करायचं?"